ख्रिसमस ट्रीची सजावट घरातल्या सगळ्यांची कशी होईल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पाच, नऊ आणि चौदा वर्षांची तीन मुले आहेत. दर नाताळाला ख्रिसमस ट्री सजवायला सगळे उत्साहाने बसतात, पण अर्ध्या तासात दिव्यांच्या माळेचा गुंता होतो, टोकाच्या चांदणीवरून धाकट्या दोघांत रडारड होते, थोरला मोबाइल घेऊन बाजूला सरकतो आणि रात्री अकरा वाजता उरलेले गोळे आई एकटीच लावत असते. सगळ्यांनी वर्षभर वाट पाहावी अशी ही परंपरा कशी होईल, आणि त्यासाठी नवे सामान किंवा एखादी ‘थीम’ ठरवावी का, असे तुम्ही विचारले आहे.

नवे सामान आणू नका, हे आधीच सांगून टाकते. नाताळाच्या आधी कुटुंबांसाठी सजावटीच्या कार्यशाळा मी गेली वीसेक वर्षे घेत आले आहे, आणि स्वतःच्या घरी तर त्याहून जास्त चुका केल्या आहेत. तुम्ही वर्णन केलेली संध्याकाळ मला जवळजवळ प्रत्येक कार्यशाळेत कुणीतरी सांगते. तिचे कारण मुलांचा कंटाळा किंवा सामानाचा साधेपणा यांत नसते. झाड उभे करण्याचे मेहनतीचे काम आणि ते सजवण्याचा सोहळा या दोन वेगळ्या गोष्टी एकाच संध्याकाळी कोंबल्या जातात, आणि पहिलीतच सगळ्यांचा धीर संपतो. त्यामुळे पहिला बदल एवढाच करा की झाड आदल्या दिवशी उभे करा, दिवेही त्याच दिवशी लावा, आणि या कामात धाकट्या दोघांना मुद्दाम बोलावू नका. ती आपणहून आली तर गोष्ट वेगळी.

या आदल्या दिवसाच्या कामाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण दुसऱ्या दिवशीची मजा बरीचशी त्यावरच अवलंबून असते. झाड कृत्रिम असेल तर वर्षभर दाबून ठेवलेल्या फांद्या खालच्या थरापासून, खोडाकडून टोकाकडे उलगडत न्याव्यात आणि प्रत्येक फांदीची उपटोके एक वर, एक डावीकडे, एक उजवीकडे अशी फिरवावीत. सहा फुटी झाडाला यात सहज पाऊण तास जातो. हे काम घाईने उरकले की पुढे कितीही गोळे लावले तरी मधला लोखंडी दांडा दिसत राहतो. झाड खरे असेल तर पाण्यात ठेवण्यापूर्वी बुंध्याचा तळ दोन-तीन सेंटिमीटर सरळ कापून घ्यावा, कारण आधीच्या कापावर चीक सुकून तो बंद झालेला असतो आणि झाड पाणी ओढू शकत नाही. ताजे झाड सुरुवातीला बुंध्याच्या व्यासाच्या दर इंचामागे रोज सुमारे एक लिटर पाणी पिऊ शकते. पात्रातले पाणी कापलेल्या तळाच्या खाली एकदा जरी गेले तरी तो तळ पुन्हा बंद होऊ लागतो, म्हणून रोज पाणी पाहणे हे एखाद्या मुलाचे कायमचे काम ठरवून टाकावे.

दिव्यांच्या माळा झाडावर चढवण्यापूर्वी जमिनीवर पसरून लावून पाहाव्यात. सजावट पूर्ण झाल्यावर एक माळ पेटत नाही हे कळण्यासारखा विरस नाही. सुरुवात खालून, विजेच्या सॉकेटजवळून करावी, म्हणजे वर पोहोचल्यावर प्लग हातात राहत नाही. झाडाभोवती गोल गोल गुंडाळण्यापेक्षा प्रत्येक फांदीवर माळ खोडापासून टोकापर्यंत नेऊन परत आत आणली तर झाडाला खोली येते आणि उतरवतानाही गुंता होत नाही. उंचीच्या दर फुटामागे शंभर दिवे हा सजावट करणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. घरगुती झाडाला त्याहून कमीही चालतात. शेवटी खोलीतला उजेड बंद करून चार पावले मागे यावे आणि डोळे किलकिले करून पाहावे. दिवे एकमेकांत मिसळून दिसतात आणि काळोखे राहिलेले कोपरे लगेच उठून येतात.

त्याच दिवशी आणखी एक काम उरकून घ्यावे, जे मला फार उशिरा सुचले. साधे, एकरंगी, न फुटणारे गोळे झाडाच्या आतल्या भागात खोडाजवळ आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर मोठ्यांनी आधीच लावून टाकावेत. याने झाड भरलेले दिसते, आणि दुसऱ्या दिवशी मुलांनी काहीही, कुठेही, कसेही लावले तरी ते झाड उघडेबोडके वाटत नाही. हे का महत्त्वाचे आहे, ते माझ्याच घरातल्या एका प्रसंगावरून सांगते.

माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिने अकरा शोभेच्या वस्तू एकाच फांदीवर लावल्या. फांदी अर्थातच तिच्या डोळ्यांच्या उंचीवरची होती आणि ओझ्याने जमिनीकडे वाकली होती. ती झोपल्यावर मी त्यांतल्या नऊ काढून झाडभर नीट पसरल्या, आणि झाड खरोखरच जास्त छान दिसू लागले. सकाळी ती झाडासमोर उभी राहिली, बोटाने दोन वस्तू मोजल्या आणि काही न बोलता आत गेली. पुढच्या वर्षी मी तिच्या हातात पहिला गोळा दिला तेव्हा तिने तो मला परत केला आणि म्हणाली, “तूच लाव. नाहीतरी तू रात्री बदलतेसच.” त्यानंतर तिने पुन्हा मनापासून हात लावायला मला दोन नाताळ वाट पाहावी लागली.

म्हणून आमच्या घरात, आणि आता कार्यशाळांतही, एकच नियम मी हट्टाने पाळते: ज्याने जी वस्तू जिथे लावली, ती तिथेच राहते. फांदी वाकत असेल तर मागून बारीक तारेने ती वरच्या जाड फांदीला बांधून आधार द्यावा. वस्तू मात्र हलवू नये. झाडाची खालची उजवी बाजू गच्च आणि डावी मोकळी दिसते का? दिसू द्या. पाच वर्षांचे मूल ज्या उंचीवर वस्तू लावते ती दर वर्षी वर सरकत जाते, आणि जुन्या छायाचित्रांत ही सरकती रेषा पाहणे मला कोणत्याही रंगसंगतीपेक्षा मोलाचे वाटते.

‘थीम’बद्दलचे माझे मत यातच आले. चांदी-निळे किंवा लाल-सोनेरी असे ठरवून सजवलेले झाड दुकानाच्या काचेमागे शोभते, पण घरात ते काही मुलांना ‘तुझी वस्तू इथे बसत नाही’ असे सांगू लागते. सजवलेल्या झाडाची जी सुरुवातीची वर्णने आपल्याकडे आहेत त्यांतही सरमिसळच आहे. १६०५ च्या सुमारास स्ट्रासबुर्गमध्ये लोक घरात सूचिपर्णी झाडे उभी करून त्यांवर रंगीत कागदाची गुलाबे, सफरचंदे, पापडीसारखी पातळ बिस्किटे, सोनेरी वर्ख आणि मिठाई टांगत असल्याची नोंद आहे. म्हणजे घरात जे होते आणि हातांनी जे करता आले ते झाडावर गेले. इंग्रजी जगात हे झाड घराघरांत पोहोचले त्याला मोठा हातभार लागला तो १८४८ मध्ये एका लंडनच्या सचित्र साप्ताहिकात छापल्या गेलेल्या चित्राचा. राणी व्हिक्टोरिया, राजपुत्र अल्बर्ट आणि त्यांची मुले टेबलावरच्या सजवलेल्या झाडाभोवती उभी आहेत, असे ते चित्र आहे. लोकांनी उचलले ते त्या झाडाबरोबरच त्याच्याभोवतीचे कुटुंबही, असे मला ते पाहताना नेहमी वाटते.

एक गंमत मात्र सांगायला हवी. जर्मनीत अनेक घरांमध्ये मुलांना झाड सजवायलाच देत नसत. मोठी माणसे बंद दाराआड ते सजवत, २४ डिसेंबरच्या संध्याकाळी घंटा वाजे आणि दार उघडल्यावरच मुलांना ते पहिल्यांदा दिसे. हीसुद्धा पूर्ण परंपराच आहे, आणि ज्या घरात आईवडिलांना एकट्याने सजवण्यातच खरा आनंद असेल त्यांनी अपराधी न वाटून घेता हा मार्ग धरावा. अर्धवट मात्र काही करू नये. मुलांना बोलवायचे आणि मग दर दोन मिनिटांनी ‘तिथे नको, इथे लाव’ म्हणायचे, यात ना आश्चर्य उरते ना सहभाग.

आता प्रत्यक्ष संध्याकाळ. ती सव्वा तासाहून लांबवू नये, आणि पाच वर्षांच्या मुलासाठी अर्धा तास पुरे. दिव्यांच्या माळा आधीच झाडावर चढवलेल्या असतात, पण दिवे बंद ठेवावेत. सुरुवात डबा उघडण्यापासून करावी आणि इथे अजिबात घाई करू नये, कारण या संध्याकाळचा सर्वांत समृद्ध भाग हाच आहे. कागदात गुंडाळलेली एकेक वस्तू बाहेर येते तेव्हा ‘ही कुठून आली?’ एवढाच प्रश्न विचारावा. ज्याला आठवते त्याने एका वाक्यात सांगावे. मुलाने चुकीचे सांगितले तर लगेच दुरुस्त करू नये; आमच्याकडे एक लाकडी घोडा आहे, तो प्रत्यक्षात एका जुन्या खेळण्याचा तुटलेला भाग आहे, पण माझ्या मुलाने चौथ्या वर्षी त्याला ‘आजोबांचा घोडा’ म्हटले आणि आज तो आजोबांचाच आहे.

या कथा तयार व्हाव्यात यासाठी दर वर्षी प्रत्येकाची एक नवी वस्तू झाडावर यावी, असे मी सुचवते. ती विकत घेतलेली असायला हवी असे मुळीच नाही. सहलीत सापडलेला शंख, दुधाच्या दाताच्या आकाराचे कापडी खेळणे, शाळेतल्या पहिल्या बिल्ल्याला बांधलेली फीत, काहीही चालते. मागे न पुसल्या जाणाऱ्या पेनने नाव आणि वर्ष मात्र तेव्हाच लिहावे. ‘हे कसे विसरू’ असे वाटते, पण तीन वर्षांत सगळे विसरते. प्रत्येक मुलाच्या वस्तूंना वेगळी छोटी पेटी द्यावी. पुढे ते घराबाहेर पडेल तेव्हा पेटी त्याच्यासोबत जाईल, हे त्याला आत्तापासून माहीत असले की तो तिची काळजी घेतो.

हाताने करायच्या वस्तूंत मीठ घातलेली कणीक ही पाच वर्षांच्या मुलासोबत सर्वांत भरवशाची आहे. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि एक वाटीला थोडे कमी पाणी घ्यावे. पाणी शेवटी हळूहळू घालावे, कारण पीठ चिकट झाले की मुले वैतागतात. आठ-दहा मिनिटे चांगले मळून अर्ध्या सेंटिमीटरहून थोडे जाड लाटावे, आकार कापावेत आणि कडेपासून बोटभर आत स्ट्रॉने भोक पाडावे. भोक कडेला पाडले तर वाळताना तिथेच तडा जातो. ओव्हनमध्ये ११०-१२० अंश सेल्सिअसला दोन ते तीन तास, मध्ये एकदा उलटून, वाळवावे. ओव्हन नसेल तर वाऱ्यावर चार-पाच दिवस रोज उलटत ठेवावे. मीठ हवेतला ओलावा ओढते, म्हणून रंगवून झाल्यावर दोन्ही बाजूंना आणि भोकाच्या आतही वॉर्निशचा हात द्यावा, नाहीतर पुढच्या वर्षी डब्यात लगदा निघतो. हे काम सजावटीच्या दिवशी करू नये; आदल्या आठवड्यातली एक सुटीची दुपार त्यासाठी राखून ठेवावी. आणि घरात कुत्रा असेल तर या वस्तू त्याच्या तोंडापासून उंच ठेवाव्यात, कारण इतके मीठ कुत्र्याला विषासारखे बाधते.

चांदणीच्या भांडणावर उपाय सोपा आहे, फक्त तो त्या संध्याकाळी शोधू नये. झाडावर मानाची कामे एकाऐवजी तीन करावीत: पहिली वस्तू लावणे, टोकाला चांदणी बसवणे आणि शेवटी दिव्यांचे बटन दाबणे. तुमच्याकडे मुले तीन आहेत, म्हणजे पाळी फिरत राहिली तर तीन वर्षांत प्रत्येकाला प्रत्येक काम मिळते. हे वेळापत्रक पुढच्या सहा वर्षांचे आत्ताच डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून टाकावे. लिहिलेल्या पाळीशी मुले फारशी भांडत नाहीत. आईने ऐनवेळी दिलेल्या निकालाशी मात्र हमखास भांडतात. दिव्यांचे काम कमी मानाचे वाटू नये म्हणून त्या क्षणी खोलीतले बाकी सगळे दिवे बंद करावेत आणि उलटी मोजणी सर्वांनी मिळून करावी. १८८२ मध्ये न्यूयॉर्कला एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी घरच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ऐंशी विजेचे दिवे लावले, तोवर लोक झाडावर खऱ्या मेणबत्त्या पेटवत आणि शेजारी पाण्याची बादली ठेवत, हे आमच्या घरी बटन दाबणारा दर वर्षी सांगतो. बादलीचा उल्लेख आला की धाकटी मंडळी हसतात.

चौदा वर्षांच्या मुलाला गोळे लावायला बसवू नका. त्याच्याशिवाय अडेल असे काहीतरी त्याच्याकडे सोपवावे, आणि ते खरोखर सोपवावे. आदल्या दिवशीच्या दिव्यांच्या माळा हे असे काम आहे: कोणती माळ कुठून जाईल, जोडणी कुठे येईल, वेळ ठरवणारे टायमर कधी लावायचे, हे सगळे त्याने ठरवावे. माझ्या अनुभवात या वयाची मुले हौसेपेक्षा जबाबदारीने जास्त वेळ थांबतात. तो अर्ध्या तासाने उठून गेला तरी त्याला टोकू नये. बटन दाबताना तो खोलीत असला म्हणजे झाले.

काचेच्या गोळ्यांबद्दल एक सूचना. जर्मनीतल्या लाउशा या गावात एकोणिसाव्या शतकात फुंकून काचेच्या शोभेच्या वस्तू करू लागले, तेव्हापासून त्या झाडाचा जीव आहेत, पण त्यांची भिंत फार पातळ असते. त्या वरच्या तिसऱ्या भागात आणि मोठ्यांच्या हातूनच लावाव्यात. मुलाच्या पेटीत काच ठेवून ती फुटल्यावर मुलाला रागावणे हा सरळसरळ मोठ्यांचा दोष आहे.

घरातले एखादे माणूस या वर्षी नसेल, तर त्याच्या वस्तूचे काय करायचे ते आधीच हळूच बोलून घ्यावे. काही घरांत ती सर्वांत आधी लावतात, काहींत एखाद्या वर्षी ती डब्यातच राहते. दोन्ही बरोबर आहे. फक्त ती सगळ्यांसमोर अचानक हातात येऊ नये. मुलांचा वेळ दोन घरांत विभागलेला असेल तर दुसऱ्या घराची नक्कल करू नये. तिथे झाड असेल तर इथे खिडकी, जिना किंवा गव्हाणीचा देखावा आपला मानावा.

दिवस कोणता असावा, हेही ठरवून टाकावे. तारखेपेक्षा नियम असलेला बरा. आगमनकाळाचा पहिला रविवार, म्हणजे नाताळापूर्वीचा चौथा रविवार, हा अनेकांच्या सोयीचा असतो आणि तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यात येतो. खरे झाड असेल तर मात्र इतके लवकर आणू नये. चार-पाच आठवड्यांत ते वाळून सुया गाळू लागते, आणि वाळलेले झाड झपाट्याने पेट घेते. अशा झाडाजवळ हीटर किंवा शेगडी एक मीटरच्या आत नसावी आणि झोपताना किंवा बाहेर जाताना दिवे बंदच करावेत. चपट्या गोल बटन सेलवर चालणाऱ्या छोट्या वस्तूंची झाकणे स्क्रूने बंद होणारी आहेत ना, हे नक्की पाहावे. असा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे तशी शंका जरी आली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे. मांजर असेल तर चकाकत्या झिरमिळ्या टाळाव्यात, कारण गिळलेली झिरमिळी आतड्यात अडकते.

झाड उतरवण्याचा दिवस बहुतेक घरांत कुणाच्याच लक्षात नसतो, आणि पुढच्या वर्षीचा गुंता तिथेच तयार होतो. पुष्कळ ठिकाणी तो ६ जानेवारी, प्रकटीकरणाचा सण, असा धरतात. दिव्यांची प्रत्येक माळ पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळावी आणि प्लगचे टोक सर्वांत शेवटी, बाहेर ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षी माळ न सोडवताच लावून पाहता येते. मग तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला एक कागद द्यावा आणि या वर्षी काय झाले ते लिहायला सांगावे: कोणती माळ बंद पडली, कोणता गोळा फुटला, कुणी कुठली नवी वस्तू आणली, पुढच्या वेळी चांदणी कुणाची. शुद्धलेखन तपासू नये. तो कागद सगळ्या सामानाच्या वर ठेवून मगच झाकण लावावे, म्हणजे पुढच्या वर्षी डबा उघडल्यावर पहिल्यांदा तोच हाताला लागेल आणि मोठ्याने वाचला जाईल.